तीन पायांचा गवा

माझा हात आधी चालतो आणि अक्कल मागून येते, असं माझी बायको लग्न झाल्यापासून म्हणते. मी तिच्याशी भांडतो, आवाज चढवतो आणि मग गप्प बसतो, कारण एका नाण्यापुरतं तरी तिचं खरं आहे. नाणं अमेरिकेचं, जुनं, पाच सेंटचं. ते मी खराब केलं. हरवलं असतं, कुणी चोरून नेलं असतं तरी परवडलं असतं. मी ते चांगलं करायला गेलो.

नाणं माझं नव्हतं, माझ्या उस्तादांचं होतं. चिंचवडच्या ज्या कंपनीत मी लागलो, तिथं ते बफिंग खात्याचे मुख्य. बफिंग म्हणजे काय, तर कापडाचं जाड चाक मोटरवर गरागरा फिरत असतं, त्याला हिरव्या वडीचा हात द्यायचा, त्या वडीला आम्ही साबण म्हणतो, आणि त्यावर धातूचा तुकडा धरायचा. खडबडीत तुकड्याचा आरसा होतो आणि धरणाऱ्याचं तोंड कोळशाच्या वखारीतल्या हमालासारखं होतं. या खात्यात कुणी आनंदानं जायचं नाही. मी गेलो, कारण दुसरीकडं जागा नव्हती.

आम्ही महाळुंग्याचे. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, पैसे आले आणि आले तसे चुलत्यांच्या गाड्यांमध्ये गेले. उस्ताद पिंपरीचे, जयभीमवाले, वडीलही कामगार, स्वतः शिफ्ट करून करून दहावी झालेले. माझ्या थोरल्या चुलत्याला हे कळल्यावर तो ओट्यावर बसून म्हणाला, कुणाच्या हाताखाली काम करतोस ते तरी बघितलं का? मी म्हणालो, ज्याला येतंय त्याच्या हाताखाली. वयाच्या बाविसाव्या वर्षी चुलत्याला असं उलटून बोलणं आमच्याकडं सोपं नव्हतं. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मला त्या उत्तराचा अभिमान होता आणि अजूनही आहे, म्हणूनच पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

उस्तादांना नाणी जमवायचा नाद होता. कंपनीत नवं मशीन आलं की ते बसवायला परदेशातून माणसं यायची. ती परत निघाली की सगळे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. कुणाला पेन हवं असायचं, कुणाला चॉकलेट, एकानं तर बूट मागितले होते. उस्ताद मागं उभे राहायचे आणि गर्दी हटली की म्हणायचे, वन कॉइन, युवर कंट्री. समोरचा हसून खिसा रिकामा करायचा. ती नाणी ते चार कप्प्यांच्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवत. डबा कधी कंपनीत आणला की पोरं विचारायची, उस्ताद, आज भाजी कुठल्या देशाची? ते चिडायचे नाहीत. झाकण उघडून एकेक नाणं दाखवायचे. पण त्यातल्या कुणाला खरंच काही ऐकायचं नाही हे त्यांना कळायचं, आणि ते झाकण लावायचे.

त्यांच्या घरी तर विचारूच नका. मुलगा एकच, हुशार, संगणकाच्या नोकरीत, वाकडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट. वाईट नाही हो पोरगा, बापाला जपायचा. पण त्या डब्याला तो बाबांची चिल्लर म्हणायचा. पाहुण्यांसमोरही म्हणायचा. वाकडला राहायला गेले तेव्हा त्यानं विचारलं, बाबा, हे पण न्यायचंय का? उस्तादांनी डबा मांडीवर घेऊन टेम्पोत पुढं बसून नेला. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं, पण ते हसणं काही पोटातून नव्हतं.

ते पाच सेंटचं नाणं एका म्हाताऱ्या अमेरिकन फिटरनं दिलेलं. गडी ते कितीतरी वर्षं स्वतःच्या खिशात बाळगून होता. एका बाजूला वेणीत पिसं खोवलेल्या तिथल्या मूळच्या माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला जाडजूड गवा. रंग काळपट, शिसवी लाकडासारखा. बरीच वर्षं ते डब्यात इतर नाण्यांबरोबर पडून होतं. उस्ताद रिटायर झाले, मुलानं मोठ्या पडद्याचा मोबाइल घेऊन दिला, आणि त्यावर अक्षर अक्षर लावून ते एकेका नाण्याचं वाचत बसायला लागले. तेव्हा मी कंपनी सोडून महाळुंग्यातच शेड टाकली होती. दोन बफची मशिनं, एक जुना लेथ आणि आसपासच्या कारखान्यांची कामं.

एका सकाळी उस्ताद स्कूटरवरून आले. वाकडहून महाळुंगं, ते वय, तो रस्ता, ते कंटेनर. हेल्मेटही न काढता म्हणाले, मशीन बंद कर. मग खिशातून रुमालाची घडी काढली, त्यातून नाणं काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. गव्याचे पाय मोज, म्हणाले. मी मोजले. तीन भरले. पुढच्या एका पायाचा खूर जमिनीवर होता, पण वरचा पायच नव्हता.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. नाणं ज्या ठशानं पाडतात त्या ठशावर टांकसाळीत एकदा चरे पडले. तिथल्या एका कामगारानं ते घासून काढले. काढता काढता हात जरा जास्त चालला आणि ठशातून गव्याचा पायच गेला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत तशी नाणी बाहेर पडली. आज त्या तीन पायांच्या गव्यासाठी लोक जीव टाकतात. हे सांगताना उस्ताद इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "म्हणजे आपलाच माणूस की रे. तो जास्त घासतो तर लोक काचेत ठेवतात, आणि आपण घासलं की मेमो."

आम्ही दोघं हसलो. मग ते म्हणाले, पण यात लबाडीही चालते, चांगल्या नाण्याचा पाय घासून काढतात आणि तीन पायांचं म्हणून खपवतात. मी विचारलं, मग खरं कसं ओळखायचं? त्यांनी भिंग पुन्हा धरलं आणि म्हणाले, हे बघ, पोटाखाली नीट बघ. तेवढ्यात बाहेर मालाचा टेम्पो आला. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता, एक नंबरचा घाईचा माणूस. मी आलोच म्हणून उठलो. माल उतरवला, चलनावर सही केली, त्याच्याशी दोन शिव्यांची देवाणघेवाण केली. परत आलो तेव्हा विषय चहावर गेला होता. पोटाखाली काय बघायचं होतं ते मी पुन्हा विचारलं नाही. इतकी वर्षं झाली, पण त्या टेम्पोचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे.

उस्तादांना नाणं विकायचं नव्हतं. पुण्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं, बाहेरगावचे व्यापारी येणार होते, त्यात परदेशी नाणी बघणारा एक जाणकार होता. त्याला त्यांना ते दाखवायचं होतं. मुलाला त्यांनी गाडी घेऊन यायला तयार केलं होतं. मला म्हणाले, "किंमत राहू दे रे. एका जाणत्या माणसानं पोराच्या देखत एवढंच म्हणावं, की यांना कळतंय." बस्स. तीस वर्षांच्या डब्याचं त्यांना एवढंच मोल हवं होतं.

प्रदर्शनात नाणं रुमालातून काढणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी मला एक डबी करायला सांगितली. ॲल्युमिनियमची, मधे नाण्याच्या मापाचा खड्डा. मापाला म्हणून नाणं माझ्याकडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, त्यानंतर दसरा. दसऱ्याला ते पांढरे कपडे घालून दिवसभर विहारात असत, तेव्हा रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो, तेव्हाच नाणं आणि डबी दे, असं ठरलं.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात शेडशेडमधून काय चालतं ते बघितलं असेल तर पुढचं तुम्हाला समजेल. मशिनं डिझेलनं धुतात. पाने, पकडी, मायक्रोमीटर, ड्रिल, सगळं घासूनपुसून मांडतात. वर्षभर जी वस्तू काळ्या हातानं फेकलेली असते तिला त्या दिवशी हळदकुंकू लागतं. मी पहाटेपासून घासत होतो. डबी आदल्या दिवशीच लेथवर काढली होती, तिला बफ मारला, तोंड दिसायला लागलं. मग खड्ड्यात नाणं बसवून बघितलं. बसलं झकास, पण त्या लखलखीत डबीत नाणं अगदी काळं दिसायला लागलं. मला वाटलं, उस्तादांची एवढी वस्तू पूजेला मांडायची आणि ती अशी?

बायको फुलं घेऊन आली होती. म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे, विचारलं का त्यांना? मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. मला तरी काय कळत होतं? पण हे मी आत्ता म्हणतो.

मी सगळ्यात मऊ चाक लावलं. साबण जेमतेम दाखवला. नाणं हलक्या हातानं धरलं, अर्धं मिनिटसुद्धा नसेल. गव्याच्या पोटाखाली काही बारीक दाणे होते, मला वाटलं गंज आहे, मळ बसलाय. ते गेले तेव्हा मला बरं वाटलं. तीस वर्षं मी धातूवर दाणा दिसला की काढत आलोय, माझं पोट त्यावर आहे. नाणं चांदीसारखं झालं. मी ते डबीत ठेवलं, वर झेंडूची पाकळी ठेवली आणि नमस्कार केला. काय सांगू, इतका खूश होतो मी.

रविवारी उस्ताद मुलाच्या गाडीतून आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी मागं त्यांच्या शेजारी बसलो आणि डबी त्यांच्या हातात दिली. ते उघडायला लागले तर मीच हात धरला. म्हणालो, आता न्हाई, तिथं जाऊन उघडा, गंमत हाय. ते लहान मुलासारखे हसले आणि डबी खिशात टाकली. वाटेत मुलानं दोनदा विचारलं, किती वेळ लागेल, कारण त्याला दुपारी कुठंतरी जायचं होतं.

हॉलमध्ये रांगेनं टेबलं होती. तो जाणकार शेवटच्या टेबलावर, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोलायला नम्र. उस्तादांनी डबी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. आधी तोंडी सांगितलं. साल सांगितलं, टांकसाळीचं अक्षर सांगितलं. खूर आहे पण पाय नाही, म्हणाले. आणि मग म्हणाले, पाय कुणीही घासून काढतो, ती खूण धरू नका, पोटाखाली बारीक दाण्यांची ओळ बघा, ती ठशातूनच आलेली असते आणि नकली नाण्यात ती करता येत नाही. व्यापाऱ्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाला, काका, एवढं सांगणारा माणूस इथं दोन दिवसांत भेटला नाही. मुलानं मोबाइलमधून मान वर केली.

ते तिथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. उस्तादांना हवं ते मिळालं होतं. मला मात्र दाणे हा शब्द ऐकताच मी चाकावर काय काढलं ते कळलं होतं. उघडू नका असं ओरडायचं होतं, पण ते तर मीच त्यांना तिथं उघडायला सांगितलं होतं.

त्यांनी डबी उघडली. नाणं चमकलं. व्यापाऱ्याचा पुढं आलेला हात थबकला. त्यानं कडेला धरून नाणं उचललं, भिंगाखाली घेतलं, फिरवलं, पुन्हा घेतलं. मग शांतपणे विचारलं की दाणे कुठं आहेत. उस्तादांनी स्वतःचं भिंग काढलं. ते बराच वेळ बघत राहिले. मान वर केली तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी तिथंच पाया पडलो असतो. पण ते तसं बघत होते, जसं एखादं बिघडलेलं काम हातात घेऊन कुठं चुकलं ते बघायचे.

व्यापाऱ्यानं विचारलं, "काका, तुम्ही नोकरीत काय काम करायचात?"

उस्ताद म्हणाले, "बफिंग."

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. एका बोटानं डबी पुढं सरकवली आणि हळू आवाजात म्हणाला की पाय घासलेली अशी बरीच नाणी आमच्याकडं येतात. खोटं आहे असं तो म्हणाला नाही, पण आता खरं आहे असंही कुणी म्हणू शकणार नव्हतं. आयुष्यात एक स्क्रूसुद्धा कंपनीतून घरी न नेलेला माणूस तिथं लबाड ठरून उभा होता.

मुलानं विचारलं, बाबा, तुम्ही घासलं हे? उस्ताद म्हणाले, "हो. मीच धरलं बफवर. म्हटलं जरा चमकेल."

आणि मी गप्प बसलो. मला आजही कुणी पटेल असं कारण विचारलं तर माझ्याकडं नाही. आजूबाजूला चांगल्या कपड्यांतली माणसं होती, मुलगा होता, माझी नखं काळी होती. एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. ज्या तोंडानं चुलत्याला उलटून बोललो होतो तेच तोंड होतं.

परत येताना मुलगा पुढं गाणी लावून गाडी चालवत होता. मधेच हसून म्हणाला, काय बाबा, तीस वर्षं सांभाळलं आणि शेवटी स्वतःच घासलं. उस्तादही थोडं हसले. मग माझ्याकडं वळून, त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "दाबून धरलं होतंस?"

म्हणालो, "न्हाई उस्ताद. हलकंच."

"मऊ चाक होतं?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघत बसले. मी महाळुंग्याच्या फाट्यावर उतरलो आणि शेडकडं न जाता तसाच उन्हात उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात मी वाकडला गेलो. मुलाला सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. उस्तादांनी दारातच ओळखलं. मला खाली बागेत घेऊन गेले, बाकावर बसवलं आणि म्हणाले, गप्प राहायचं. तू धंदा करतोस, लोकांचा माल तुझ्याकडं असतो. परक्याची वस्तू न विचारता बिघडवली असं नाव झालं तर काम कोण देईल? मी रिटायर माणूस, माझं काय जातंय? मी नाही नाही म्हणालो, दोनतीनदा म्हणालो, आणि मग मला ते पटलं. पटलं कसलं, मी ते पटवून घेतलं, कारण मला तेच हवं होतं. त्यांचं काय गेलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर त्यांनी एकही नाणं घेतलं नाही. मी कुणाकडून एखादं मिळवून नेलं तर म्हणायचे, राहू दे, तुझ्याकडंच ठेव.

गेल्या वर्षी उस्ताद गेले. पिंपरीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून त्यांच्याबद्दल बोलायला लागला. कंपनीतले बोलले, वस्तीतले बोलले. मुलगा बोलला, फार छान बोलला. बाबांनी दहावी कशी केली, त्याच्या फीसाठी ओव्हरटाइम कसा केला, सगळं सांगितलं. आणि मग डोळे पुसत, हसत त्यानं नाण्याची गोष्ट सांगितली. इतकं जपलेलं नाणं, पण चमकावं म्हणून स्वतःच बफवर धरलं. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, म्हणाला, पण प्रेम फार होतं, इतके भोळे होते आमचे बाबा. लोकही डोळे पुसत हसले.

भोळे? माझ्या डोक्यात सणक गेली. मी उभा राहिलो. माइक कुणी दिला की मी ओढला ते आठवत नाही. मी म्हणालो, त्यांना सगळं कळत होतं, त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. पोटाखालचे दाणे त्यांनी उघडायच्या आधी सांगितले होते. ते दाणे मी काढले. न विचारता, माझ्या शेडमध्ये, माझ्या हातानं. ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी शेजारी उभा राहून ऐकलं. एवढं बोललो आणि खाली बसलो. मला रडू आलं आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर मुलगा माझ्याकडं आला. मी मान खाली घालून तयार होतो, दोन मुस्कटात दिल्या असत्या तरी घेतल्या असत्या. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"काका, बाबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले होते, मी गेल्यावर तो उभा राहील आणि सगळं स्वतःवर घेईल. त्याचं मन मोठं आहे. त्याचं ऐकू नकोस."

मी म्हणालो, अरे, खरंच मी केलं रे, तुझी शप्पथ. तो भरल्या डोळ्यांनी हसला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला जेवायला घेऊन गेला. पंगतीत दोन म्हातारे सरकून मला जागा करून देत होते, कुणीतरी माझ्या ताटात आग्रहानं वाढत होतं. आता त्या घरात मी मोठ्या मनाचा माणूस आहे, आणि माझे उस्ताद भोळे.